तळोद्याचा लाकूडबाजार आणि जंगलतोडीचा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये तळोदा या गावाची नोंद आटोपशीर आहे. खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य बाजारपेठ. रोशा तेलाचा आणि धान्याचा बराच व्यापार. खानदेशातील सर्वोत्तम बैलगाड्या इथे बनतात, एका गाडीची किंमत सुमारे ४० रुपये.

आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. बाजारातले लाकूड त्याच डोंगरांतून उतरत असे. गाडीची किंमत नोंदीत आली, लाकडाचा व्यापार आला. डोंगरावर त्याच्या मागे काय उरले, ते मात्र या नोंदीत नाही. जंगलतोडीचा हिशेब कोणी ठेवायचा आणि त्यात काय मोजायचे, हा आज जगभर वादाचा विषय आहे. सातपुड्याच्या या कडेला तो वाद दीडशे वर्षांहून जुना आहे.

आधी आजचे चित्र थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगात सुमारे ४२ कोटी हेक्टर वनजमीन दुसऱ्या वापराकडे वळली. याच संघटनेच्या उपग्रह-पाहणीत या तोडीच्या जवळपास ९० टक्के भागामागे शेती आणि पशुपालनाचा विस्तार आढळला. त्यातला मोठा वाटा दूरच्या बाजारासाठी पिकवल्या जाणाऱ्या मालाचा आहे: गोमांस, सोयाबीन, पामतेल, कोको, कॉफी, रबर, लाकूड. २०१४ च्या न्यूयॉर्क घोषणापत्राने पामतेल, सोयाबीन, कागद, गोमांस अशा मालाच्या उत्पादनातून होणारी जंगलतोड २०२० पर्यंत संपवण्याच्या खासगी क्षेत्राच्या उद्दिष्टाला पाठबळ दिले. २०२० उजाडले आणि सरले, उद्दिष्ट गाठले गेले नाही. २०२१ मध्ये ग्लासगो येथे १४० हून अधिक देशांनी २०३० ही नवी मुदत स्वीकारली. भारताने त्यावर सही केली नाही.

या मोजणीत एक गोष्ट खरोखर नवी आहे. झाड कोणी तोडले, एवढ्यावर ती थांबत नाही. त्या जमिनीवरचा माल शेवटी कोणी विकत घेतला, हेही ती विचारते. खानदेशात हा दुसरा प्रश्न शंभर वर्षे कोणी विचारला नव्हता.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा त्यांना दिसलेला प्रदेश घनदाट अरण्याचा होता, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतील लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी तापीकाठची कितीतरी गावे उजाड केली होती. सोडून दिलेल्या शेतांवर झुडपे वाढली होती, विहिरी बुजल्या होत्या, वाघांचा वावर वाढला होता. म्हणजे त्या ‘जंगला’चा काही भाग एका पिढीपूर्वीचे शेत होते. अरण्य आदिम आणि अचल असते, ही समजूत खानदेशापुरती तरी सोडून दिलेली बरी.

नव्या सरकारच्या दृष्टीने हे रान शत्रू होते. त्यातून महसूल मिळत नव्हता आणि भिल्ल नायकांना आसरा मात्र मिळत होता. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल कोअर उभी केली, तिचा हेतू हाच प्रदेश ‘शांत’ करण्याचा होता. शेतकरी परत आणावा, रान तोडून नांगर चालवावा, हे त्या काळचे अधिकृत धोरण होते. राज्य स्वतःच जंगलतोडीला प्रोत्साहन देत होते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

मग सागाला भाव आला.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे ब्रिटिश आरमारात नावाजलेली होती. १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. ओकची इंग्रजी वने रोडावत चालल्यावर आरमाराची नजर भारतीय सागाकडे वळली. आधी मलबार, मग उत्तरेकडचा पट्टा. १८४२-४३ च्या सुमारास नवापूरला लागून असलेल्या डांगातील भिल्ल राजांकडून इंग्रजांनी जंगलाचे भाडेपट्टे करून घेतले. राजांना ठरावीक रक्कम आणि सरकारला लाकूड, असा तो व्यवहार होता. आहव्याच्या डांग दरबारात त्या राजांच्या वारसांना मानधन देण्याची प्रथा आजही चालू आहे. इतिहासात एखादा करार इतका दीर्घायुषी निघावा, हे विरळच.

जहाजांची भूक मोठी होती, पण रेल्वेची त्याहून मोठी निघाली. एक मैल लोहमार्गाला सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर लागत. प्रक्रिया न करता रुळांखाली टिकतील अशी भारतीय लाकडे मुख्यतः तीनच होती: साग, साल आणि देवदार. साल मध्य व पूर्व भारतात, देवदार हिमालयात. पश्चिमेच्या वाट्याला साग आला. शिवाय स्लीपर एकदा घातले की काम संपले असे होत नसे, काही वर्षांत ते बदलावे लागत. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि शतक संपता संपता सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे नवापूर-नंदुरबारमार्गे अंमळनेरकडे गेली. रेल्वेने दोन कामे एकदम केली. ती स्वतः लाकूड खात होती, आणि आजवर बैलगाडीच्या वेगाने उतरणाऱ्या लाकडाला दूरच्या बाजाराची वाट मोकळी करून देत होती.

याच काळात मैदानात कापसाने आपला खेळ मांडला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस अडला आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. पण खानदेशातील काळ्या जमिनीवर कापूस बसला तो बसलाच. पडीक आणि झुडपी जमिनी नांगराखाली आल्या. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात कसबी शेतकरी समाजांचे बस्तान पक्के झाले. भिल्ल कुटुंबांची जमीन सावकाराच्या वहीतून हळूहळू निसटत गेली. कोणी डोंगराकडे सरकले, कोणी त्याच शेतावर सालदार म्हणून राहिले. आजच्या भाषेत सांगायचे तर ही व्यापारी मालामुळे झालेली जमीनवापराची उलथापालथ होती. तिचा ग्राहक मँचेस्टरला होता आणि त्याचे नाव सातपुड्याच्या कोणत्याही वननोंदीत येण्याचे कारण नव्हते.

सागाला भाव आला तसा सरकारचा सूर पालटला. काल जे रान तोडायचे होते, ते आज राखायचे ठरले. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला महानिरीक्षक झाला. १८६५ चा वनकायदा आला, तो अपुरा वाटला म्हणून १८७८ चा आला. या दुसऱ्या कायद्याने वने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशा तीन प्रकारांत विभागली. त्यातले एक कलम जरा थांबून वाचण्यासारखे आहे. एखादे क्षेत्र राखीव करण्याचे ठरले की तशी जाहीर सूचना काढायची आणि लोकांना आपले हक्क मांडण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. मुदतीत दावा आला नाही आणि चौकशीतही हक्क उघड झाला नाही, तर तो संपुष्टात येई.

तीन महिने! अक्राणीच्या डोंगरात राहणाऱ्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाने ती सूचना वाचायची, कचेरी गाठायची, आपण कोणत्या ओढ्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत गुरे चारतो, मोहाची कोणती झाडे आपली आहेत, गेल्या पिढीत कुठे झाडोरा जाळून राखेत नागली पेरली होती, हे अधिकाऱ्याच्या समाधानापुरते सिद्ध करायचे. लिहिता न येणाऱ्या समाजावर लेखी पुराव्याचा भार टाकला गेला. हक्क हरवले ते बहुतेक ठिकाणी गोळीबारात हरवले नाहीत, तारीख उलटून गेल्यामुळे हरवले.

त्यानंतर वनखात्याच्या वार्षिक अहवालांना ठरावीक रूप आले. एका तक्त्यात लाकडापासून मिळालेला महसूल, खर्च आणि शिल्लक. दुसऱ्या तक्त्यात वनगुन्हे: चोरून तोड, विनापरवाना चराई, आग. ठेकेदाराने लिलावात घेतलेले झाड पहिल्या तक्त्यात जाई, आदिवासीने घराच्या आढ्यासाठी तोडलेले झाड दुसऱ्या तक्त्यात. झाड तेच, डोंगर तोच. ‘जंगल कोण संपवतो’ या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या पुढच्या वाचकाने दुसराच तक्ता उघडावा, अशी सोय त्या कागदांतच झालेली होती. फिरती शेती करणारा भिल्ल हाच वनांचा वैरी, ही समजूत इतकी वर्षे टिकली त्याचे एक कारण या मांडणीत आहे.

हे त्या काळी कोणाच्याच लक्षात आले नाही असे मात्र नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या सरकारच्या जंगलखात्यावर कडक टीका आहे. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या घशात गेल्यामुळे शेतकऱ्याची गुरे उपाशी पडली, हा त्यांचा मुद्दा होता. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. खानदेशाच्या डोंगरांचा आवाज मात्र मुंबईपर्यंत क्षीणच पोहोचला.

तळोद्याच्या नोंदीतील रोशा तेल इथे आठवावे. रोशा हे सातपुड्याच्या उतारांवर वाढणारे सुगंधी गवत. ते कापून भट्टीवर त्याचा अर्क काढत. हे तेल संधिवातावर चोळत आणि मुंबईमार्गे परदेशीही पाठवत. गंमत अशी की तुर्कस्तानात त्याची भेसळ गुलाबाच्या अत्तरात होई, इतकी की युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ असे भलतेच नाव पडले. नंदुरबारचे गवत तुर्की नावाने विकले जात होते. मालाचे मूळ ठिकाण वाटेत हरवणे, ही पुरवठा साखळीची जुनीच खोड आहे. पण रोशाच्या बाबतीत एक फरक होता. गवत कापले तरी पुढच्या पावसात पुन्हा उगवत होते. भट्टीला जळण लागे हे खरे, तरी या मालासाठी डोंगर उघडा करावा लागत नव्हता. बाजारासाठी निघणारा प्रत्येक माल जंगलाचा काळच असतो असे नाही. मोहाची फुले, चारोळी, डिंक, धडगावच्या डोंगरांतले आमचूर ही त्याच जातीची उदाहरणे आहेत. आंब्याचे झाड उभे असेल तरच आमचूर मिळते.

विसाव्या शतकात वनखात्यालाच डोंगरात माणसांची गरज भासू लागली. कूप तोडायला, रोपे लावायला, वणवा विझवायला मजूर हवेत. म्हणून राखीव जंगलात वनगावे वसवली गेली किंवा असलेली राहू दिली गेली. अट अशी की रहिवाशांनी खात्याचे काम करायचे. जमीन कसायला मिळे, तिचा मालकी हक्क मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धात लाकडाची मागणी पुन्हा उसळली आणि धान्यटंचाईमुळे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचा जोर वाढला. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात वनजमिनीचे तुकडे ‘एकसाली’ पट्ट्याने, म्हणजे एकेका वर्षाच्या बोलीवर, कसायला दिले गेले. पट्टा एका वर्षाचा असला तरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पुढे कुठे पट्टा नव्याने दिला गेला नाही आणि कालचा पट्टेदार आज अतिक्रमणदार ठरला. जमीन सरकारने दिली, झाडे सरकारच्या संमतीने गेली, आणि ठपका नांगर धरणाऱ्यावर आला.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराऐवजी आदिवासींच्या संस्थेला कूप मिळावा, ही कल्पना चांगली होती. काही संस्थांनी चांगले कामही केले, काहींच्या मागे जुने ठेकेदारच उभे राहिले. मैदानात मात्र जमिनीचा जुना घाव उघडाच होता. १९७१-७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजूर उठले आणि श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी आणि सावकारी-जमीनदारीत गेलेल्या जमिनी हे त्यांचे प्रश्न होते. या लढ्याला वनांच्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही, ही त्या इतिहासाची उणीव आहे. मैदानातली जमीन गेली म्हणून डोंगरावर दाब वाढला; दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायला हव्या होत्या.

सातपुड्यातील सारी तोड ‘माल’ या एका शब्दात बसत नाही, हेही नोंदवले पाहिजे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-अक्राणीतील नर्मदाकाठची शेते आणि जंगल गेले. विस्थापितांना वसवण्यासाठी तळोद्याची हजारो हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. तिथे सागाला भाव नव्हता, पाण्याला आणि विजेला होता.

आणि मग सुरू झाली तारखांची मालिका. महाराष्ट्र शासनाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. वन संवर्धन कायदा आल्यावर केंद्राने २५ ऑक्टोबर १९८० ही मर्यादा धरली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले आणि १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली: त्या दिवशी जमीन कसत असाल तर हक्क, कमाल मर्यादा चार हेक्टर. पुन्हा पुरावे आले, पुन्हा दावे आले. फरक इतकाच की आता ग्रामसभेला दावा तपासण्याचा अधिकार होता, वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालत होता, आणि शेताच्या कडेने जीपीएस यंत्र घेऊन माणसे फिरत होती.

२०२३ मध्ये युरोपीय संघाने जंगलतोडमुक्त मालाचा कायदा केला, तेव्हा त्यातही तारीख आली: ३१ डिसेंबर २०२०. त्यानंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरची कॉफी, कोको, रबर, सोयाबीन, पामतेल, गुरे आणि लाकूड युरोपात विकता येणार नाही. मालासोबत शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. चार हेक्टरांपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरेल, त्याहून मोठ्या शेताची पूर्ण सीमारेषा हवी. चार हेक्टरांचा आकडा दोन्ही कायद्यांत यावा हा निव्वळ योगायोग. पण लहान शेतकऱ्याला आपली जमीन नकाशावर सिद्ध करायला लावणे, हा योगायोग नाही. या कायद्याने पुराव्याचा भार घेणाऱ्यावर टाकला, म्हणजे युरोपात माल आणणाऱ्या व्यापाऱ्यावर. १८७८ च्या तुलनेत हे मोठेच अंतर आहे. व्यापारी तो भार पुन्हा खाली, शेताच्या बांधापर्यंत सरकवतो की नाही, ते अंमलबजावणीत दिसेल, आणि अंमलबजावणी तर पुढे ढकलली गेली आहे.

मोजणीची व्याख्याही तपासावी लागते. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत जंगलतोड म्हणजे वनजमिनीचा वापर बदलणे. साग तोडून नेला, खोडाला पुन्हा धुमारे फुटले आणि जमीन वनखात्याकडेच राहिली, तर ती ‘जंगलतोड’ नव्हे. फार तर ऱ्हास. नांगर लागला की मात्र जंगलतोड. या मापाने पाहिले तर तळोद्याच्या बाजारात उतरलेल्या सागाचा बराचसा भाग आजच्याही तक्त्यात दिसणार नाही, आणि एकसाली पट्ट्यावरचे नागलीचे शेत ठळक दिसेल. भारतीय वन सर्वेक्षणाची रीत उलट्या बाजूने सैल आहे. एक हेक्टर किंवा अधिक जमिनीवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असेल तर ते ‘वनाच्छादन’, मग मालकी कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत. फळबाग त्यात बसते, एकाच जातीची लागवडही बसते.

२०२४ मध्ये उष्ण कटिबंधातील सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ वन नष्ट झाल्याचे उपग्रहांच्या नोंदींतून दिसले. गेल्या दोन दशकांतील हा उच्चांक होता, आणि त्यात या वेळी शेतीपेक्षा वणव्यांचा वाटा मोठा होता. हा आकडा उपग्रहाने दिला. वणव्याच्या जागी पुढच्या वर्षी गवत येईल, सोयाबीन येईल की गुरांचे कुरण होईल, आणि ते कोणाच्या ताटात जाईल, यासाठी अजूनही जमिनीवरचे कागद लागतात: सातबारा, वनपट्टा, लिलावाची पावती, गाडीची किंमत.